पोलीस आला तेव्हा मी घरात नव्हते

माझा पहिला पासपोर्ट कोराच संपला. दहा वर्षं कपाटात साड्यांच्या घडीखाली पडून राहिला आणि त्याच्यावर एकही शिक्का बसला नाही. तो काढला तेव्हा आम्ही होटगीला रेल्वेच्या क्वार्टरमध्ये राहत होतो. मुलगी शिकायला जर्मनीला निघाली होती आणि वर्षभरात आपण दोघांनी तिला भेटून यायचं, असं आमच्या ह्यांनी ठरवून टाकलं होतं. मग ह्यांचं दुखणं निघालं, मग हे गेले. मी सोलापुरात विजापूर रोडच्या बाजूला दोन खोल्यांचं घर घेतलं, शाळेतून निवृत्त झाले, आणि पासपोर्ट नावाची वस्तू आपल्याकडे आहे हेच विसरून गेले.

गेल्या उन्हाळ्यात मुलीच्या एका फोनने तो आठवला. लग्नाला सहा वर्षं होऊन तिला दिवस राहिले होते. सातवा सुरू होता, रक्तदाब वर गेला होता आणि डॉक्टरांनी तिला पलंगावरून उठायला बंदी केली होती. वेळ पडली तर बाळ लवकर काढावं लागेल, असंही म्हणाले होते. जावयाची नोकरी पाळ्यांची. त्याची आई स्वतःच अंथरुणाला खिळलेली. माझ्या मुलीने दहा वर्षांत माझ्याकडे काही मागितलं नव्हतं. मी विचारायची, चटणी पाठवू का, तर म्हणायची, नको, इथे मिळते. ती त्या दिवशी म्हणाली, "आई, तू ये. मला भीती वाटते."

मी पासपोर्ट शोधला. मुदत संपलेली.

अर्ज तिनेच पलंगावर पडल्या पडल्या तिकडून भरला. व्हिसासाठी मुंबईतली तारीखही घेऊन टाकली, पुढच्या महिन्याच्या शेवटच्या सोमवारची. त्या सोमवारी हातात नवा पासपोर्ट नसला तर पुढची तारीख थेट बाळंतपणानंतर मिळणार होती; तो आधीच आला तर मात्र तारीख अलीकडे ओढता येणार होती. मी तारीख कॅलेंडरवर लाल पेनने गोल केली. छत्तीस वर्षं मुलांच्या वह्यांवर लाल पेन चालवलं, पण तारखेभोवती गोल पहिल्यांदाच काढला.

पोस्टाच्या इमारतीतल्या पासपोर्ट केंद्रात सगळं सुरळीत झालं. बोटांचे ठसे दिले, फोटो काढला, विजेचं बिल दाखवलं. काउंटरवरची मुलगी गोड होती. म्हणाली, "मॅडम, तुमचा पत्ता बदललाय, म्हणून पोलीस चौकशी होणार. ते घरी येतील, शेजाऱ्यांना विचारतील. फोन चालू ठेवा आणि शक्यतो घरीच राहा." मुलीने फोनवर तेच तीन वेळा सांगितलं. "आई, घरातून हलू नकोस. तुला एका जागी बसवत नाही, मला माहितीये. पण हलू नकोस." मी म्हटलं, "मी काय लहान आहे का?"

ही गोष्ट मी कुणालाही सांगितली नाही. अजून पोटातलं बाळ, त्यात अडचणीचं, त्यात परदेशाचा प्रवास. असलं काही तडीला जाईपर्यंत तोंडातून काढायचं नाही, दृष्ट लागते, हे माझ्या आईने मला शिकवलं आणि मी विज्ञान शिकवूनही ते सोडलं नाही. वर्गात मुलांना अंधश्रद्धेवर निबंध लिहायला लावायचा आणि घरी येऊन मुलीच्या फोटोवरून मीठ-मोहऱ्या उतरवायच्या, असा माझा कारभार. तेव्हा गल्लीत कुणाला पत्ता नव्हता की मी कुठे जायला निघाले आहे आणि का.

शेजारच्या मावशींनाही नाही. मावशी म्हणजे माझ्या भिंतीला भिंत लागून राहणाऱ्या सत्तरीच्या बाई. मूळच्या माळशिरसकडच्या, नवऱ्याबरोबर गिरणीच्या कामाला सोलापुरात आल्या आणि इथेच राहिल्या. नवरा कधीच गेला होता, एक मुलगी बार्शीला दिलेली. आठ वर्षांत असा दिवस नव्हता की त्यांनी माझ्या दारात येऊन "बाई, हायसा का?" म्हणून विचारलं नाही. नळाला पाणी यायच्या दिवशी मी उशिरा उठले तर माझ्या दाराबाहेरच्या घागरी त्या आपल्याआधी भरून ठेवत. मी त्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवायची. इतकं जवळचं माणूस, आणि मी त्यांच्यापासून माझं नातवंड लपवून ठेवलं होतं.

मग वाट बघणं सुरू झालं. अकरा दिवस मी घरात बसले. पहिले तीन दिवस इस्त्रीची साडी नेसून बसले, कारण पोलिसासमोर गबाळं दिसायला नको. चौथ्या दिवशी गाऊनवर आले. सगळी कागदपत्रं एका प्लॅस्टिकच्या पिशवीत भरून दाराजवळच्या स्टुलावर ठेवली होती. आंघोळीला जाताना फोन न्हाणीघराच्या खिडकीत ठेवायची. गेट वाजलं की पिशवी उचलून दाराशी धावायची, आणि बाहेर भाजीवाली असायची. बिचारीला मी दोनदा उगाच फटकारलं. रोज दुपारी मुलीचा फोन, "आले का गं?" मी म्हणायची, "येतील." तिचे पाय सुजलेत, ती सांगायची. मला ते पाय दिसायचे आणि मी ते चेपू शकत नव्हते.

मी दर गुरुवारी अक्कलकोटला जाते. हे गेल्यापासूनचा नेम आहे. सकाळची एसटी, दर्शन, प्रसाद, दोनपर्यंत परत. त्या दिवसांत एक गुरुवार चुकला होता. दुसरा आला तेव्हा मला राहवेना. आदल्या दिवशी मुलीचा रक्तदाब पुन्हा वाढला होता. मी मनाशी म्हटलं, अकरा दिवसांत कोणी फिरकलं नाही, नेमकं आजच्या सकाळीच कशाला येईल? आणि जाते आहे ती तिच्यासाठीच ना? गुरुवारी मी फोन घरी ठेवते, कारण एकदा दर्शनाच्या रांगेत माझा फोन गेला होता. त्याही दिवशी ठेवला. कुलूप लावताना मावशी त्यांच्या ओट्यावर शेंगा निवडत बसल्या होत्या. मी काही बोलले नाही, त्यांनीही विचारलं नाही. गुरुवार होता, त्यांना ठाऊक होतं.

पावणेदोनला मी परत आले. उन्हाने डोकं तडकलं होतं. मावशी गेटपाशीच उभ्या होत्या, माझीच वाट बघत. त्यांनी मला हाताला धरून आत घेतलं आणि आवाज खाली आणून म्हणाल्या, "बाई, भिऊ नगा. पोलीस आलता. तुमचं नाव घिऊन इचारत हुता, त्या हितंच राहत्यात का म्हनून. म्या सांगितलं, न्हाईत राहत. कवाच गेल्या सोडून. कुटं गेल्या म्हायत न्हाय. घालवून दिला बगा."

त्यांच्या चेहऱ्यावर मला संकटातून वाचवल्याचं समाधान होतं.

माझ्या हातात प्रसादाचा पुडा होता, तो मी कुठे टाकला ते आठवत नाही. पुढचं मात्र शब्दन् शब्द आठवतं. शाळेत माझ्या आवाजाला पोरं वचकून असायची. तो आवाज मी गल्लीत लावला. "तुम्हाला कुणी सांगितला होता हा शहाणपणा? खोटं बोलायला कुणी सांगितलं होतं?" मी थांबले नाही. पासपोर्ट, मुलगी, सातवा महिना, रक्तदाब, जे इतके दिवस पोटात दाबून ठेवलं होतं ते सगळं भर दुपारी ओरडून सांगितलं. समोरची दारं उघडली. शेवटी म्हणाले, "माझ्या पोरीचं काही बरंवाईट झालं ना, तर ते तुमच्यामुळे." मावशींनी पदर तोंडाला लावला आणि त्या आपल्या घरात गेल्या.

घरात फोनवर एकाच अनोळखी नंबरचे सहा मिस्ड कॉल होते. मी लावत राहिले, तो उचलेना. शुक्रवारी सकाळी उचलला. हवालदार बोलत होते. "मॅडम, फोन करून करून थकलो. घराला कुलूप, शेजारच्या आजी म्हणतात राहत नाहीत. मी काय लिहू? रिपोर्ट कालच दिला, वर गेलासुद्धा." त्यांचं काही चुकलं नव्हतं, म्हणून त्यांच्यावर चिडताही येईना.

मुलीला मी सांगितलं, "शेजारच्या बाईने पोलिसाला खोटं सांगितलं गं." ती म्हणाली, "पण तू कुठे होतीस?" मी म्हटलं, "होते की. जरा मागे होते." घर दोन खोल्यांचं आहे आणि त्याला मागचं दारही नाही. तिने फोन ठेवला. बहुतेक थकली होती.

पुढचे दिवस कसे गेले ते सांगायला नको. पुण्याच्या पासपोर्ट कार्यालयातून पत्र आलं, तुम्ही पत्त्यावर राहत नसल्याचा अहवाल आहे, खुलासा करा. मी पुण्याला गेले, रांगेत उभी राहिले, खुलासा दिला. तिथल्या अधिकारी बाईंनी ऐकून घेतलं आणि फेरचौकशी लिहून दिली. पण फेरचौकशीचा कागद सोलापुरात पोचायला दिवस लागतात. कॅलेंडरवरचा लाल गोल रोज जवळ येत होता. दरम्यान मावशी आणि मी बोलत नव्हतो. त्या ओट्यावर बसल्या असल्या की मी खाली मान घालून गेट लावायची. पाण्याच्या दिवशी माझ्या घागरी मीच भरल्या. संध्याकाळी भिंतीपलीकडून त्यांच्या भांड्यांचा आवाज यायचा आणि मला त्या आवाजाचासुद्धा राग यायचा.

त्या गुरुवारनंतर बाविसाव्या दिवशी हवालदारांचा फोन आला. कागद आला होता. "उद्या अकराला ठाण्यात या, दोन शेजारी साक्षीदार घेऊन. आणि त्या आजी आहेत ना, त्यांनाच आणा. पहिल्या रिपोर्टात त्यांचं म्हणणं आहे. त्यांनी बदललं नाही तर मला पुन्हा तेच लिहावं लागेल." सोमवारला दहा दिवस उरले होते.

समोरचे किराणा दुकानदार एका शब्दावर तयार झाले. राहिल्या मावशी. मी त्यांच्या दारापर्यंत गेले, पण आत पाऊल टाकवत नव्हतं. शेवटी गेले. त्या भाकरी थापत होत्या. मी उभ्या उभ्याच सांगितलं, उद्या ठाण्यात यावं लागेल. त्यांचा हात परातीत तसाच राहिला. "म्या न्हाय येणार," त्या म्हणाल्या. "तुमी हितं बोलवा त्याला, म्या सांगते. ठाण्यात न्हाय."

माझा पारा चढायला लागला होता. पण त्यांनी तवा उतरवला, गॅस बंद केला आणि स्वतःहून बोलायला लागल्या. आठ वर्षांत जे कधी बोलल्या नव्हत्या ते.

त्यांना एक मुलगाही होता. वीस वर्षांचा असताना कुठल्यातरी मारामारीत त्याचं नाव आलं. सकाळी दोघे पोलीस दारात आले, हाय का म्हणून विचारलं. "म्या म्हनलं, व्हय, हाय की. झोपलाय. बसा, उठवते. च्या केला त्यास्नी, बाई. म्याच उठवलं त्याला." पाच दिवसांनी मुलगा परत आला. कुणाशी बोलेना. महिन्याभरात घर सोडून गेला. जाताना आईला म्हणाला, तू नाही म्हणाली असतीस तर मी मागनं गेलो असतो. त्या गोष्टीला आता सव्वीस वर्षं झाली. कुठे आहे, आहे की नाही, काही कळलेलं नाही.

"तवापासनं," मावशी म्हणाल्या, "कुणी बी पोलीस कुणाचं बी नाव घिऊन आला, तर म्या न्हाय म्हनते. तुमचं नाव घेतलं तवा माजं हातपाय गार पडलं. म्हनलं, बाईस्नी न्यायला आल्यात." थोडं थांबून म्हणाल्या, "पासपोटाचं मला ठावं असतं तर म्या त्याला बसवून घेतलं असतं की. तुमी मला बोलला न्हाईत."

त्यांनी तक्रार म्हणून नव्हे, नुसतं सांगितलं. मी परातीतलं पीठ झाकून ठेवलं आणि घरी आले. त्यांना पुन्हा या म्हणायची मला लाज वाटली. आणि खरं सांगायचं तर त्याच वेळी मनात हेही चाललं होतं की नाही आल्या तर माझं कसं होणार.

सकाळी दहाला त्या माझ्या दारात उभ्या होत्या. ठेवणीतलं हिरवं लुगडं, हातात आधार कार्ड. रिक्षात त्यांनी माझा हात इतका घट्ट धरला होता की बांगडी मनगटात रुतली. ठाण्याच्या पायऱ्यांशी आल्यावर थांबल्या. मी म्हटलं, "मावशी, परत जाऊ या का?" माझ्या तोंडून ते कसं निघालं कोण जाणे, त्या हो म्हणाल्या असत्या तर माझा तोल गेला असता. त्यांनी मान हलवली आणि चढल्या.

दुकानदारांची सही दोन मिनिटांत झाली आणि ते दुकान उघडायला गेले. मग हवालदारांनी मावशींना खुर्ची दिली. जबाब लिहायला सुरुवात केली. ह्यांना ओळखता का, किती वर्षांपासून, कुठे राहतात. मावशींचा आवाज बारीक येत होता पण येत होता. "व्हय. आट वर्सं. माज्या शेजारीच राहत्यात." मग हवालदारांनी पेन थांबवून विचारलं, "मग आजी, त्या दिवशी नाही का म्हणालात?"

मला सवय आहे सगळ्यांच्या वतीने उत्तर द्यायची. मी पुढे झुकून म्हणणार होते की साहेब, वय झालंय, विसरतात. तोंड उघडलंही होतं.

"इसरले न्हाय," मावशी म्हणाल्या. "खोटं बोलले. तुमचं भ्या वाटतं म्हनून." आणि टेबलाकडे बघत पुढे म्हणाल्या, "आदी एकदा खरं बोलले हुते."

हवालदार तरुण होते, माझ्या मुलीच्या वयाचे. त्यांनी लिहिलं आणि आम्हाला वाचून दाखवलं: अर्जदार सदर पत्त्यावर आठ वर्षांपासून राहतात, चौकशीच्या दिवशी त्या देवदर्शनासाठी अक्कलकोटला गेल्या असल्याने घरी मिळून आल्या नाहीत. मावशींचा अंगठा घेतला. मला म्हणाले, "आजच पाठवतो. आठवड्यात पासपोर्ट घरी येईल."

बाहेर कडुनिंबाखाली बाक होता. मावशींना जरा टेकायचं होतं म्हणून आम्ही बसलो. मी मुलीला फोन लावणार तेवढ्यात तिकडूनच आला. जावयाचा. मला कमी ऐकू येतं म्हणून मी नेहमी स्पीकर लावते. पहाटे तिचा रक्तदाब एकदम वाढला. ऑपरेशन करावं लागलं. मुलगी झाली, दीड किलोची, काचेच्या पेटीत ठेवली आहे. डॉक्टर म्हणतात, दोघी सावरतील. मी "हो, हो" म्हणत राहिले. मग त्याने फोन तिच्या कानाला लावला.

"आई," ती म्हणाली. आवाज ओळखू येत नव्हता. "मी तुला हाका मारत होते गं. आत नेताना. ह्याला आत येऊ दिलं नाही, मी एकटीच होते." मग दमून थांबली. "त्या बाईने खोटं सांगितलं नसतं तर तू इथे असतीस."

मावशी शेजारी बसल्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं. त्यांनी फक्त अंगठ्याची शाई पदराला पुसायला सुरुवात केली, ती पुसतच राहिल्या.

मी म्हणाले, "त्यांच्यामुळे नाही. मी घरात नव्हते. मी अक्कलकोटला गेले होते, फोन घरी ठेवून. आणि त्यांना मी काही सांगितलंच नव्हतं, म्हणून त्या घाबरल्या. तुला मी खोटं सांगितलं."

तिकडे कुठलंतरी यंत्र टिकटिकत होतं, ते ऐकू येत होतं. मला वाटलं, ती ओरडेल. ओरडली असती तर मला सोसलं असतं.

"मी तुला सांगितलं होतं ना गं, हलू नकोस म्हणून," ती हळूच म्हणाली, आणि जावयाने फोन घेतला.

मी फोन पिशवीत ठेवला. मला रडू येत नव्हतं. मावशी उठल्या, त्यांनी माझी कागदांची पिशवी आपल्या खांद्याला अडकवली आणि त्या रिक्षाला हात करायला रस्त्याच्या कडेला जाऊन उभ्या राहिल्या.